पिवळे मोजे

‘ट्वेल्फ्थ नाइट’ मराठीत करायचं ठरलं तेव्हा पहिल्याच वाचनात मी एक प्रवेश कापला. चौथ्या अंकातला दुसरा. विनोदी नाटकात एका माणसाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ‘तू वेडा आहेस’ असं त्याला सांगत राहतात. लोक हसणार कुठे?

त्याआधीचा भाग सोपा होता. ऑलिव्हियाच्या घरचा कारभारी मॅल्व्होलियो शिस्तीचा आणि स्वतःवर भलताच खूश. रात्री दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना तो दटावतो, म्हणून मारिया मालकिणीसारख्या अक्षरात चिठ्ठी लिहून त्याच्या वाटेत टाकते. पिवळे मोजे घाल, वर आडव्यातिडव्या पट्ट्या बांध, सतत हसत राहा. तो सगळं करतो. तालमीत आम्ही लोळायचो.

लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायदा शिकणाऱ्या जॉन मॅनिंगहॅमने २ फेब्रुवारी १६०२ला तिथल्या हॉलमध्ये हे नाटक पाहिलं आणि रोजनिशीत नेमकी हीच खोडी आवडल्याचं टिपलं. (ऑलिव्हिया भावासाठी शोक करत असते, हा गडी तिला विधवा समजला.) होस्टेलवरचं पोरगं, त्याला दुसरं काय आवडणार, असं मी तालमीत म्हणालो आणि गप्प झालो.

कारण सेकंड इयरला अशी चिठ्ठी मी लिहिली होती. आमच्या विंगमधला एक मुलगा रात्री आवाज झाला की रेक्टरकडे जायचा. एका मुलीच्या नावाने फेक अकाउंट काढून मी त्याला तीन आठवडे मेसेज केले. निळा शर्ट शोभतो म्हटलं की दुसऱ्या दिवशी निळा शर्ट. शेवटी कँटीनला बोलावलं. तो इस्त्री करून आला, आम्ही बारा जण कोपऱ्यातल्या टेबलावर. पुढच्या सेमिस्टरला त्याने बाहेर खोली घेतली.

कापलेला प्रवेश परत वाचला. १६२३च्या फोलिओतल्या सूचनेप्रमाणे मॅल्व्होलियो ‘आत’ आहे. म्हणजे त्याचा नुसता आवाज. दिसतात ते पाद्री बनून फिरकी घेणारा विदूषक आणि मारिया, टोबी. टोबीला आता हे आटपायचंय, पण दया आली म्हणून नाही. ऑलिव्हिया आधीच चिडलीय म्हणून. कोंडलेला माणूस मागतो काय, तर मेणबत्ती, लेखणी, शाई, कागद. शेवटच्या अंकात त्याचं पत्र येतं. विदूषक ते वेड्याच्या आवाजात वाचायला लागतो, तेव्हा ऑलिव्हिया ते फेबियनला वाचायला लावते. साध्या आवाजात पत्र शहाण्या माणसाचं निघतं.

प्रवेश परत घेतला. मॅल्व्होलियोला विंगेत उभं केलं, माइक न देता. प्रयोगात हसू हळूहळू विरळ झालं. तिसऱ्या रांगेतले काही जण मात्र शेवटपर्यंत हसत होते. मला त्यांचा राग आला. मला कसला राग येतो म्हणा!

त्या मुलाला प्रयोगाला बोलवायचं मनात होतं. नंबर मिळाला होता. ‘शनिवारी ये, तुझ्यासाठी पुढची खुर्ची ठेवतो’ एवढं टाइप केलं आणि वाचून पाहिलं. माझ्याकडून आलेलं बोलावणं त्याने खरं का मानावं?


खोडून टाकलं.