अडचणींच्या यादीवरील अभिप्राय

सातारा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. बेबीस,

तुझे पत्र पोहोचले. वजन उतरविण्याचा संकल्प दरवर्षी का मोडतो याची जी सविस्तर कैफियत तू त्यात मांडली आहेस ती मी सावकाश वाचली. आणि तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या बाईला जी खोड जन्मभर सुटत नाही तिला अनुसरून प्रत्येक कलमासमोर पेन्सिलीने शेरा मारीत गेले. वेळ मिळत नाही, गुडघे दुखतात, घरात खाण्याचा आग्रह होतो, चार लोकांत व्यायाम करायची लाज वाटते आणि एवढे करूनही काटा हलत नाही, ही तुझी कलमे. त्यांपैकी गुडघ्यांचे कलम निकाली काढण्याचा अधिकार माझा नव्हे. तो डॉक्टरांचा, आणि त्यांच्याकडे जाणे तू जे तहकूब ठेवीत आली आहेस त्यास यापुढे मुदतवाढ नाही.

काट्याविषयीची तुझी तक्रार मात्र हिशेबाला धरून नाही. देहातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. तासभर झपझप चालून तुझ्यासारखीच्या अडीचशे-तीनशे खर्ची पडायच्या, आणि तेवढ्याच, घरी परतल्यावर फोडणीत सैल हाताने पडलेल्या दोन मोठे चमचे तेलातून, कोणाच्या ध्यानीमनी नसताना पुन्हा जमेस धरल्या जायच्या. तेव्हा नुसत्या चालण्याच्या भरवशावर वजनाची वसुली होत नाही, तेलाच्या बरणीकडेही पाहावे लागते. शिवाय पहिल्या पंधरवड्यात जे भराभर उतरते त्यात पाण्याचाच वाटा मोठा असतो, आणि देह हलका होईल तसतशी त्याची रोजची गरजही घटते. मध्येच काटा अडून बसतो तो तुझा निश्चय कच्चा म्हणून नव्हे.

किंबहुना त्या काट्याला तू एवढा मान का द्यावास? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि आपले लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापविले होते. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय नावाचा अंक आहे तो दोघांचाही 22.3, परंतु युडकिनसाहेबांच्या देहात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2. आपल्या लोकांच्या अंगी सडपातळ दिसतानाही चरबी वास करून असते, आणि तिची विशेष प्रीती पोटाशी. म्हणून शिवणाच्या डब्यातली फीत काढ आणि कमरेचे माप घे. आपल्याकडील बायकांसाठी डॉक्टर 80 सेंटिमीटर ही मर्यादा सांगतात. परकराच्या नाडीला हे वर्तमान काट्याच्या आधी कळलेले असते.

आग्रहाचे प्रकरण नाजूक आहे. पानात वाढलेले नाकारणे म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, अशी आपली समजूत. आणि त्याहून घातक ती दुसरी समजूत, की सर्वांची जेवणे आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात आणि डब्यातली उरलेली पोळी यांची विल्हेवाट लावणे हा घरच्या सुनेचा धर्म आहे. अन्न टाकू नये हे खरे, पण ते तुझ्याच पोटात टाकावे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? चरकसंहितेच्या ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायात अतिस्थूल देहाची गणना निंद्य देहांत केली आहे, ही भाषा मला मुळीच रुचत नाही. तथापि त्याच ठिकाणी सांगितलेला उपाय मार्मिक आहे. पचायला जड असावे, पोट भरावे, परंतु ज्याने देहाचे फार पोषण होणार नाही, असे अन्न स्थूलास द्यावे: जव, कुळीथ, मूग. म्हणजे आचार्यांनीही उपाशी राहा असे म्हटलेले नाही. कुळथाचे पिठले आणि वाटीभर कोशिंबीर आधी पोटात गेली, की ‘आता खरंच नको, वन्सं’ हे शब्द तुझ्या तोंडून खोटे वाटणार नाहीत.

आता लाजेविषयी, कारण माझ्या मते बाकीची सर्व कलमे या एका कलमाच्या आश्रयाने राहतात. निवृत्तीनंतर मी अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेने ‘चार भिंती’ नावाच्या जागेपर्यंत चढू लागले तेव्हा पातळाखाली कॅनव्हासचे बूट घातलेली बाई पाहून आळीतल्या बायका फाटकाशी थबकून ‘कुठं निघालात?’ म्हणून विचारीत. आणि नुसते ‘फिरायला’ म्हणण्यास जीभ रेटेना म्हणून मी हातात भाजीची पिशवी घेऊन जात असे. त्या चढावर मेथीची एक जुडीही मिळत नाही हे सगळ्या साताऱ्याला ठाऊक! पण पिशवी हाती असली की आपण कोणाच्या तरी कामाला निघालो आहोत असे दिसते, आणि कामाला निघालेल्या बाईस कोणी हटकीत नाही. तुझी वेळ मिळत नसल्याची तक्रार हीच ती पिशवी, बेबी. सासऱ्यांच्या पूजेला तास आहे, जावईबापूंच्या वर्तमानपत्राला आहे, त्यास कोणी चैन म्हणत नाही. तुझ्या देहाच्या निगेला मात्र प्रथम कारण दाखवावे लागते, मग परवानगी मागावी लागते, आणि ती बहुधा तूच नामंजूर करतेस. माझे ऐकशील तर अर्ज करू नकोस. सहा ते सात माझा चहा-डब्याशी संबंध नाही, एवढी इत्तला घरात दे आणि उंबऱ्याबाहेर पड. चार दिवस कुरबुर होईल. पाचव्या दिवशी जावईबापूंना चहाची भुकटी कोठे असते ते सापडेल.

बाहेर पडवतच नसेल तर आमच्या जिल्ह्यातले औंध संस्थान आठव. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हेच जणू राज्यकारभाराचे एक खाते मानले, आणि बायकांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. 1938 साली तो क्रम त्यांच्या नावाने इंग्रजी पुस्तकरूपाने विलायतेतही गेला. नमस्काराला सतरंजीपुरती जागा पुरते आणि प्रेक्षक लागत नाही. फक्त गुडघ्यांचा दाखला आधी आण. श्रम किती करावेत याविषयी सुश्रुताचे माप मला पसंत आहे: अर्ध्या बळाइतके, म्हणजे श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबावे. हल्लीचे डॉक्टर सांगतात, चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये. दोघांचे म्हणणे फारसे निराळे नाही. तू पत्रात जिच्याविषयी लिहिले आहेस त्या व्यायामशाळेची वर्षाची फी एकदम भरण्याची घाई मात्र करू नकोस.

संक्रांतीला येशील तेव्हा बरोबर चालायचे बूट आण. माझे तुला होणार नाहीत. पुढल्या पत्रात वजन कळवू नये, कमरेचे माप कळवावे. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या हातचे अनारसे मला फार आवडले हे मात्र सांगू नकोस, नाहीतर डबा भरून तुझ्याबरोबर पाठवतील आणि तो वाटेतच अर्धा होईल.

तुझी,
आत्या