कठडा

आमच्या गॅलरीला काचेचा कठडा बसवावा, ही सूचना गणपतीत निघाली आणि तिच्यावरून घरात जे दोन पक्ष पडले ते थेट दिवाळीपर्यंत टिकले. विठ्ठलवाडी स्थानकापासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड. गॅलरीचे लोखंडी गज गंजून गेलेले. "उजेड येईल आणि बाळूला चढायला आडवे गज राहणार नाहीत," हे हिचे म्हणणे बिनतोड होते. आमचे चार वर्षांचे चिरंजीव गज दिसला की त्याला शिडी समजतात.

आईचा मात्र विरोध. तिचे निम्मे आयुष्य चाळीच्या लाकडी कठड्याशी गेले. त्याच्यावर रेलूनच तिने भांडणे ऐकली आणि बाबांची वाट पाहिली. "काचेला कोण रे टेकतं?" ती म्हणाली.

मी प्राध्यापक, दोन्ही बाजू मांडण्यात माझी हयात गेलेली. एका शनिवारी उल्हासनगरला काचेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर थाप मारली. "टफन आहे, सर. साध्या काचेच्या चौपट दणकट!" घरी येऊन मी हेच वर्गात शिकवावे तसे सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"पण फुटली तर काय होतं?"

इतका अडचणीचा प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. आणि तो उगाच नव्हता. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत भर दुपारी, कोणी हातही न लावता, एका गॅलरीची काच फुटली होती. खाली क्रिकेट खेळणारी मुले नुकतीच जेवायला गेली होती, एवढेच दैव.

उत्तर शोधता शोधता मला लहानपणचा प्रभाकर कंदील आठवला. कऱ्हाडजवळ १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा तो कंदील. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की ती तडकायची आणि आम्हाला बोलणी बसायची. गंमत अशी की, टफन काच जवळजवळ त्याच युक्तीने बळकट होते! काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही अंगांनी गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी आळतो. आतला मागाहून आक्रसतो आणि वरच्याला घट्ट आवळून धरतो. ही आवळणच तिचे बळ. पण तोच ताण तिच्या पोटात कायम कोंडलेला असतो. कडेला टवका उडाला, किंवा आत निकेल सल्फाइडचा बारीकसा कण राहून गेला, तर कधीतरी अख्खी काच एका क्षणात मण्यांसारखी विखुरते. मणी फारसे कापत नाहीत, म्हणून दाराला ती उत्तम. पण तिसऱ्या मजल्यावर मणी पडून गेल्यावर मागे उरते ती नुसती हवा!

म्हणजे काच किती दणकट, हा प्रश्न अर्धाच होता. फुटल्यावर ती जागेवर राहते का, हा उरलेला अर्धा आईने विचारला होता. त्याचे उत्तर म्हणजे लॅमिनेटेड काच. अशा दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा घालून त्या एकजीव करतात. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात.

दुकानदाराला मी यादीच दिली. टफन काचांची लॅमिनेटेड जोडी हवी. कोपऱ्यात भारतीय मानक २५५३ चा शिक्का हवा. उंची एक मीटरहून कमी नको. मापे आणि भोके आधीच पक्की करायची, कारण एकदा टफन झालेली काच कापता येत नाही. आणि वर पोलादी दांडा, दोन्ही टोकांना भिंतीत घट्ट रोवलेला. काच गेली तरी हाताला काही उरले पाहिजे. "सर, खर्च बराच वाढेल," तो म्हणाला. वाढलाच. दिवाळीला घ्यायचे कपाट पुढच्या वर्षावर गेले आणि ही दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

वसुबारसेला आईने गॅलरीत पहिली पणती लावली. बाळू काचेला नाक चिकटवून कल्याणकडे जाणारी लोकल पाहत होता. आईने दांडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मग हळूच त्याच्यावर रेलली.

"काच तुमची," ती म्हणाली, "दांडा माझा."

मी स्वतः अजून त्या काचेला टेकत नाही. सवय व्हायला वेळ लागेल. पण बाळू गॅलरीत खेळत असला की आत बसून पेपर तपासता येतात.