गाडी घेण्याआधी तिचे अंगण पाहावे

वाचकहो, बैल विकत घ्यायला निघालेला शेतकरी नुसता बैल पाहून परत फिरत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि जमलेच तर बैल ज्या गोठ्यात वाढला तो गोठाही डोळ्यांखालून घालतो. हाच शेतकरी जुनी पिकअप घ्यायला निघाला की मात्र शहरातल्या एखाद्या दलालाच्या अड्ड्यावर उभा राहतो आणि नव्या रंगावर भुलतो. म्हणून भोगावती खोऱ्यातल्या एका भाजीपाला गटाने जुनी गाडी घ्यायचे मनावर घेतले आणि मला विचारले, तेव्हा मी एवढेच म्हटले, "गाडी इकडे बोलावू नका. ती जिथे उभी आहे तिथे आपण जाऊ."

गटात नऊ घरे. मिरची, वांगी, कोबी असा माल. तो कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जायचा तो भाड्याच्या गाडीने. भाडे खेपेला १६०० रुपये, पण खरे दुखणे भाड्याचे नव्हते. गाडीवाला आपली इतर भाडी उरकून येणार, मग माल भरणार, आणि यार्डात पोचेपर्यंत चांगल्या दराचे सौदे होऊन गेलेले. बाया रात्री बॅटरीच्या उजेडात वांगी तोडून, पोती शिवून बसलेल्या आणि रस्त्यावर गाडीचा पत्ता नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. नवी गाडी परवडणारी नव्हती. प्रत्येक घराने २० हजार काढले, ते १ लाख ८० हजार झाले. बाकीचे बायकांच्या बचत गटाने कर्जाऊ द्यायचे कबूल केले. हा पैसा बुडाला असता तर नऊ घरांत वर्षभर भांडणे पुरली असती.

देवगडला दोन गाड्या विकाऊ असल्याचे कळले होते. नोव्हेंबरात निघालो. जुनी गाडी पाहायला पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम, कारण पाणी कुठे शिरते ते तिने नुकतेच दाखवलेले असते. बरोबर गटाचे तात्या, वाहन चालवणारा त्यांचा पुतण्या आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मिस्त्री. मिस्त्रींची दिवसाची मजुरी १५०० रुपये ठरली, तेव्हा तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण वाचकहो, जाणता माणूस बरोबर नेण्यात काटकसर करू नये.

राधानगरी मागे पडली, राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाचे पाणी झाडीतून दिसत राहिले, दाजीपूरच्या जंगलात काचा वर घ्याव्या लागल्या इतका गारवा. फोंडा घाट उतरताच हवा बदलली. अंगाला घाम, मातीला जांभा रंग, गडगे चिऱ्यांचे. नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून जामसंड्याकडे लागलो, तेव्हा मी मंडळींना म्हटले, "आता वाटेतल्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहत चला." शिरगावच्या बाजूला गज बरे होते. समुद्र जवळ येत गेला तसे गज फुगलेले, पापुद्रे सुटलेले, पत्र्याच्या कडा खाल्लेल्या. खारा वारा लोखंडाला कसा खातो हे पुस्तकात सांगायची गरजच उरली नाही. गजाची ही दशा, तर गाडीच्या चासीची काय असेल, ते पुतण्याने आपणहून ओळखले.

पहिली गाडी बंदराजवळ होती. पांढराशुभ्र रंग, नवे सीट कव्हर, एका चावीत चालू. पुतण्या खूश झाला. मिस्त्री मात्र गाडीखाली शिरले आणि हातोडीने चासी वाजवू लागले. पुढे ठण् आवाज येत होता. मागे, जिथे पाटे बसतात तिथे, भद्द. खाली ताजा डांबरासारखा काळा रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला तो आत गेला. ही गाडी मासळी वाहत होती. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून वर्षानुवर्षे खाली ठिबकलेले. मिस्त्री बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "इंजान आम्ही नवं करून देतो साहेब. चासी सडली तर देव बी काय करंना." रंग किती ताजा आहे याचा वास घेऊन पाहा, आणि गाडीखालचा भाग वरच्यापेक्षा अधिक सजवलेला दिसला तर सरळ घरी परत या.

दुसरी गाडी आत, शिरगावच्या बाजूला एका घराच्या मांगरामागे उभी होती. २०१४ सालची, नंबर एमएच ०७. तिची कळा पाहून तात्या उतरायलाच तयार नव्हते. टपावर आंब्याचा पाला कुजून माती झालेली, तीत गवत उगवलेले. चारी टायर बसलेले. सीट उंदरांनी कुरतडलेले, डॅशखाली वायरींचे तुकडे, आरशामागे गांधीलमाश्यांचे रिकामे पोळे. घरचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नव्हती. हंगामात आंब्याच्या पेट्या वाहायच्या आणि एरवी उभी राहायची, एवढाच तिचा संसार. घरातल्या काकी ओटीवरून म्हणाल्या, "ते असते तर गाडी अशी पडान ऱ्हवली नसती."

मिस्त्री पुन्हा खाली शिरले. हातोडी पुढून मागे ठण् ठण् वाजत गेली. चासीवर तांबूस गंज होता, पण ब्रशने घासला की खाली घट्ट लोखंड. गंजाचे हे दोन प्रकार ओळखायला शिका. भुकटीसारखा निघतो तो वरचा, पापुद्र्याने निघतो तो आतला. हौद्याचा तळ दोन ठिकाणी गेला होता, पण हौदा म्हणजे पत्रा, तो बदलता येतो.

पडून राहिलेले इंजिन चावी फिरवून एकदम चालू करू नये. टाकीतल्या जुन्या डिझेलच्या तळाशी पाणी आणि घाण साचते, ती पंपात गेली की खर्च दुप्पट. मिस्त्रींनी ऑईल पाहिले, फिल्टर बदलला, टाकीची नळी सोडवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घातली, एअर काढली आणि आम्ही नेलेली बॅटरी जोडली. तिसऱ्या खेपेस इंजिन खोकले, पांढरा धूर आला, मग निळा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. ऑईलचे झाकण काढल्यावर तिथूनही फुसफुस धूर, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन. रिंगा गेलेल्या. इंजिन उघडावे लागणार हे तिथेच ठरले. ब्रेकचे मागचे सिलिंडर जाम होते. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी त्या सालाकडे पाहा. चारही टायर बाद धरले.

काकींनी दीड लाख सांगितले. तात्या माझ्या कानाशी लागले, "नव्वदला सोडतील. त्यांना त्यातलं काय कळतंय?" मला ते रुचले नाही. मी कागद मागितला आणि काकींसमोर, मुंबईच्या मुलाला फोनवर ऐकवत, काय काय करावे लागेल ते ओळीने मिस्त्रींकडून वदवून लिहिले. मुलाने दोन प्रश्न विचारले, तेही रास्त होते. व्यवहार १ लाख ३५ हजारांत ठरला. तात्या परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत बोलले नाहीत.

विसार २० हजारच दिला, कारण कागद अजून मयताच्या नावावर होते. अशा गाडीत अनेकजण फसतात. वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ घेऊन तो उतरवायचा. आणि चासी नंबर कागदावर आहे तसाच लोखंडावर आहे ना, हे कागद ठेवून पेन्सिलीने घासून पाहायचे. या सगळ्यात जानेवारी उजाडला. नऊ घरांचा पैसा आणि गाडी एकाच्या नावावर, म्हणून प्रत्येकाचा वाटा स्टॅम्प पेपरवर लिहिला. नाव लागले बचत गटाच्या अध्यक्ष वहिनींचे. परवान्याचे विचाराल, तर ३००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. आणि ७५०० किलोंपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

पुतण्याचे म्हणणे, ब्रेक तात्पुरते करून गाडी चालवत आणू. मी साफ नको म्हटले. विमा संपलेला, फिटनेस संपलेले आणि समोर फोंडा घाट. अशा गाडीखाली कोणी आले तर भरपाईपायी जमीन विकावी लागते. कोकणात माल टाकून रिकामा परतणारा एक ट्रक ८ हजारांत ठरवला. काकींच्या घरासमोर जांभ्याचा उंच बांध आहे, ट्रकची मागची फळी त्याला बरोबर लागली आणि दहा जणांनी ढकलून पिकअप हौद्यात चढवली. लाकडाची उटी लावली, चारी बाजूंनी दोर आवळले. गाडीच्या काचेवर लावलेला कुणकेश्वराचा फोटो काकींनी काढून घेतला आणि मग परत लावायला सांगितला.

कोल्हापूरचे उद्यमनगर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्या विहिरींवरची ऑईल इंजिने ज्या गावाने घडवली, त्याचे हात या बोळांत दिसतात. एका दारात लेथ, पुढच्या दारात बोअरिंग, त्यापुढे रेडिएटर धुणारा, कोपऱ्यावर पाटे मारणारा. सुटा भाग मिळाला नाही तर कोणीतरी "उद्या या" म्हणतो आणि करून देतो. फक्त एक पथ्य पाळा. निघालेले जुने भाग गोणीत घालून घरी आणा, आणि इंजिन जुळवताना आपला एक माणूस तिथे बसवा. पुतण्या अकरा दिवस बसला. आता ऑईल तो स्वतः बदलतो.

इंजिनाला ४१ हजार लागले, टायरना २४, हौदा आणि रंगाला १७. ब्रेक, बॅटरी, वायरिंग, पाटे, विमा, फिटनेस आणि २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट, असे गाडीच्या किमतीसह सगळे धरून २ लाख ७८ हजारांवर गेले. म्हणजे बचत गटाचे कर्ज ९८ हजार.

आता हिशेब. स्वतःच्या गाडीची खेप डिझेल आणि चालकाची मजुरी धरून ९०० रुपयांना पडते. महिन्याला बारा खेपा, म्हणजे ८४०० रुपये वाचतात. त्यातून दुरुस्ती, विमा आणि दरवर्षीचे फिटनेस वजा केले, तर पैसे फिटायला तीन वर्षांहून अधिक लागतील. तुमच्या महिन्याला पाच-सहाच खेपा होत असतील, तर माझे स्पष्ट मत, भाड्याची गाडीच बरी. या गटाने हिशेब केला तो वेळेचा. रात्री अडीचला गाडी निघते आणि सौदे सुरू होण्याआधी वांगी यार्डात लागलेली असतात.

चढावर तिसरा गिअर अजून अधूनमधून सुटतो. ते काम दिवाळीनंतर काढायचे ठरले आहे. तोवर पुतण्या चढाला लागण्याआधीच दुसरा टाकतो, आणि खत आणायला जाताना तात्या आता त्याच्या शेजारी बसतात.