कडीचे रुपये

स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असे पत्र शाळेकडून आले, तेव्हा मला प्रथम आठवले ते वसतिगृह नव्हे, शहागंज. जून १९७३. शाळेत दाखल होण्याच्या आदल्या दिवशी आजी मला घेऊन तेथे आली होती. तिच्या गळ्यात नऊ रुपयांची माळ होती. बहात्तरच्या दुष्काळातही तिने ती मोडली नव्हती.

घड्याळाच्या मनोऱ्यापासून सराफ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दुकानदाराने एकेका नाण्याची कडी चिमट्याने उपटली, डागाचे वजन वजा धरले आणि नाणी तराजूत टाकली. आलेल्या पैशांत पत्र्याची ट्रंक, सतरंजी, ताट-वाटी आणि दोन गणवेश झाले. “लेकरा, सुट्टीबिगर माघारी येऊ नको,” एवढेच ती म्हणाली.

ते रुपये निजामाच्या राज्यातले, हाली शिक्क्याचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि बाजारात दोन रुपये चालत. इंग्रजांचा तो कलदार आणि निजामाचा तो हाली. साधारणतः सहा कलदारांना सात हाली मिळत. हालीवर चारमिनारचे चित्र असे. मधल्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर दिसले की नाणे मीर उस्मान अली खान यांच्या काळातले समजावे. ‘मीम’ असेल तर त्यांचे वडील महबूब अली खान यांच्या काळातले. वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात शेकडा ८२ भाग चांदी. आजी त्याला नुसते ‘चार खांब’ म्हणे. इंग्रजांनी १९४० मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच काढला. स्वातंत्र्याच्या वर्षाचा ‘चांदीचा’ कलदार कोणी दाखवला, तर नवशिक्या संग्राहकाने खिशाला हात लावू नये.

नोकरी लागल्यावर मी नाणी जमवू लागलो. त्याच सुमारास बाबासाहेबांचा १९२३ सालचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ वाचायला घेतला. अर्धा डोक्यावरून गेला. परंतु रुपयाच्या विदेशी हुंडणावळीपेक्षा देशात त्याने काय विकत घेता येते याला त्यांनी दिलेले महत्त्व मला चटकन कळले. नऊ रुपयांत काय आले, हे मी पाहिले होते.

व्यापारी मला आता ओळखतात. “सर, कडीचं नाणं घेऊ नका, संग्रहात चालत नाही,” असे पूर्वी सांगत. त्यांचे बरोबरच आहे. डागाची खूण पडली की संग्राहकाच्या लेखी नाणे बाद होते आणि त्याला निव्वळ चांदीचा भाव येतो. बहुतेक तर आटवलीच जातात. मी मात्र तीच मागतो. आतापर्यंत चौदा जमली आहेत.

माळेतल्या मधल्या रुपयाची कडी गावच्या सोनाराने तिरपी बसवली होती. त्यामुळे चारमिनार नेहमी एका अंगाला कललेला दिसे आणि आजी तो सारखा बोटाने सरळ करी. गेल्या दिवाळीत शहागंजच्या एका दुकानात तिरप्या डागाचा रुपया मिळाला. हिजरी सन १३३७, म्हणजे १९१८-१९ चा. तो तिचाच, असे म्हणायला माझ्याजवळ काहीही आधार नाही. माळेतल्या नाण्यांवरचे सन ना तिला वाचता येत होते, ना तेव्हा मला. तो मी इतरांत मिसळलेला नाही.