अंजर्ल्याची पायली

ताम्हिणी घाट उतरून कोंकणांत शिरलें, कीं देशावरचा रुक्षपणा मागें पडतो. गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब दापोली तालुक्यांतील अंजर्ल्यास गेलों होतों. जोग नदी समुद्रास मिळते तेथें नारळी-पोफळींच्या छायेंत हें गांव वसलें आहे. वर टेकडीवर ‘कड्यावरचा गणपति’. आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांचें हें सासर. घरीं समाराधना होती. ८० पानें व्हावयाचीं होतीं.

अक्कांच्या कोठींत त्यांच्या सासूबाईंच्या हातची पितळी पायली आहे. तिचें कोष्टक वडिलांनीं आमच्याकडून घोकून घेतलें होतें: २ चिपटीं म्हणजे १ मापटें, २ मापटीं म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. अक्कांनीं मुंबईस असलेल्या नातवास दोन पायल्या तांदूळ आणावयास सांगितलें. त्यानें ८ शेरांचे ८ किलो आणले. आम्हीही मान डोलाविली. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा, तेव्हां तांदूळ उरतीलच, असें सांगून आम्ही वर म्हणालों, “अक्का, पायलीचा काळ गेला आतां.”

अक्का कांहीं बोलल्या नाहींत. तिन्हीसांजेस त्या तांदूळ मापावयास बसल्या. पहिली पायली भरली. दुसरी निम्म्याहून थोडीच वर आली. कोठींत सारे स्तब्ध झाले. सकाळीं पंगत बसावयाची, आणि यजमानीण ऐन सत्तरीची!

मग काटा आणविला. पायलीभर तांदूळ ५ किलो भरले. म्हणजे हा मापी शेर सव्वा किलोचा. आम्हीं धरला तो वजनी शेर. नांव एक, वस्तु दोन! भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’च्या प्रारंभीं तोलण्याचीं आणि धान्य मापण्याचीं परिमाणें निरनिराळीं सांगितलीं आहेत. जें मुलांना शिकविलें, तेंच आम्ही कोठींत विसरलों.

नातू खालच्या मानेनें शेजारीं गेला. शेजारच्या काकूंनीं काटा न पाहतां मापटीं शीग लावून तांदूळ घातले. ‘शिगेस पोहोंचणें’ हा वाक्प्रचार याच शिगेवरून आला, हें त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलें.

रात्रीं आम्हीं अक्कांची क्षमा मागितली. त्या हंसून म्हणाल्या, “अरे अण्णा, काटा वाण्याला हवा. आधणाला माप हवें. तांदूळ ज्या भांड्यानें घेतला त्याच भांड्यानें दुप्पट पाणी घालावें. नवा असला तर थोडा हात आखडावा. त्यांत किलो कोठें येतो?”

१९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, तें योग्यच झालें. गांवोगांवच्या निरनिराळ्या पायल्यांनीं घोटाळा होत असे. परंतु वाचकभगिनींनीं एक करावें. घरची नेहमीची वाटी तांदुळानें भरून, वर बोट फिरवून सपाट करावी आणि तो तांदूळ एकदां तोलून पाहावा. आमच्या घरची २०० मिलिलिटरची वाटी सुमारें १६५ ग्रॅम भरली. म्हणजे किलोच्या सहा वाट्या होतात. जाड व बारीक तांदुळांत थोडें अंतर पडेल. पोह्यांस मात्र हा हिशेब मुळींच लावूं नये. तो आंकडा डब्याच्या झांकणावर लिहून ठेवावा.

पंगत यथासांग झाली. शेवटच्या पानावर भात वाढतांना अक्कांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें. आम्हीं मान खालीं घातली.