बोथ ते समुद्र : दहा किलोंचं सामान

बोथहून कुठल्याही किनाऱ्यावर जायचं तर एक रात्र वाटेत जातेच. आदिलाबादहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं की आमचं गाव. काळी जमीन, कापूस, आणि बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, दखनी एकदमच कानावर. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पावसाळ्यातले पोचेरा आणि कुंटाळा हे धबधबे. कुंटाळा सुमारे 45 मीटर उंच. त्याच्या डोहात माणसं बुडाल्याच्या बातम्या ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे मी आणि बायको सहा महिने किनाऱ्या-किनाऱ्याने राहून ऑफिसचं काम करणार आणि सुट्टीला स्कूबा डायव्हिंग करणार, हे सांगितल्यावर घरात कुणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत.

खाटेवर पसरलेलं सामान बघून आजीने विचारलं, "येवढं वझं बांधून पाण्यात जाशील, मंग वर कसा येशील रे?"

प्रश्न अगदी नेमका होता. आजीला उत्तरही तिच्याच भाषेत देता आलं. आमच्याकडे पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. डायव्हरच्या अंगातलं जाकीट, म्हणजे बीसीडी, हा तसाच डबा. फरक एवढाच की त्यातली हवा बटणाने कमी-जास्त करता येते. हवा सोडली की खाली, भरली की तरंगायला.

मग वजनं सुरू झाली. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते, म्हणून घरात ताणकाटा असतोच. त्याच्याच आकड्याला एकेक वस्तू लटकवली. विमानात देशांतर्गत प्रवासाला बहुतेक वेळा 15 किलो सामान मिळतं, हातातलं 7 किलो वेगळं. कपडे धरून हे जमवायचं, शिवाय विमानाच्या आधी आरटीसीची बस आणि नंदीग्राम एक्स्प्रेस आहेच.

सिलिंडर आणि शिसं कुणीच घरून नेत नाही, ती तिथेच भाड्याने मिळतात. बाकीचं काय विकत घ्यायचं आणि काय नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. आईने एकच अट घातली: ज्याच्यावर जीव अवलंबून आहे त्यात ग्रॅम वाचवायचे नाहीत. ती डायव्हिंगबद्दल काही वाचलेली नाही, पण यापेक्षा चांगला नियम मला कुठे सापडला नाही.

पहिला मान मास्कला. वजन डबीसकट 400 ग्रॅम, पण तो आपल्याच चेहऱ्याच्या मापाचा हवा, नाहीतर पाणी आत येत राहतं. माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना तर नंबरच्या काचा बसवलेला स्वतःचा मास्क हवाच. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, म्हणून थोडा नंबर चालून जातो. माझा साडेचार आहे. प्रेशर गेज वाचता आला नाही तर बाकी सामानाचा उपयोग काय?

मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. जोडप्यात एक पुरेल असं भावाचं मत पडलं. पुरत नाही. दोघं एकाच खोलीवर, एकाच वेळेइतके कधीच नसतात, आणि कॉम्प्युटर ज्याच्या हातावर त्याचाच हिशेब ठेवतो. दीडशे ग्रॅमची गोष्ट, दोन घेतले.

रेग्युलेटरमध्ये मात्र वजनापेक्षा दुरुस्तीचा विचार केला. त्याची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करतात, तेव्हा सुटे भाग देशात मिळतील असंच मॉडेल बरं. साधा पिस्टनवाला पहिला टप्पा घेतला, त्यात सुटे भाग कमी. जोडणी डिन पद्धतीची आणि सोबत योक अडॅप्टर, म्हणजे समोर कुठलाही सिलिंडर आला तरी अडत नाही. गेज आणि दुसऱ्या माउथपीससकट 1.9 किलो.

हलक्या बीसीडीबद्दल मात्र जाहिरात वाचून फार हुरळू नका. साधी साडेतीन-चार किलोंची असते, प्रवासी 2.3 ची. पण धातूची पाठ काढून वजन कमी केलं असेल, तर तेवढं शिसं पाण्यात जास्त लावावं लागतं. फायदा आहे तो विमानतळावरच्या काट्यावर. त्यात ॲल्युमिनियमच्या भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोंच्या वर भरते. ती वापरली गेली की सिलिंडर वर ओढू लागतो, म्हणून शिसं शेवटच्या मिनिटांचा विचार करून बांधायचं. विहिरीत किंवा तलावात बसवलेला अंदाज समुद्रात चालत नाही. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो, माझ्या वजनाला सामानासह साधारण दोन किलो शिसं वाढवावं लागतं.

फिन्स आखूड घेतल्या, 1.3 किलो. प्रवाहात लांब फिन्स बऱ्या, हे मान्य. वेटसूट 3 मिलिमीटरचा, दीड किलोच्या आत. तो ओला असताना प्रवास नको, दुप्पट जड लागतो आणि वासाचं तर विचारूच नका. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

एका वस्तूवर बायको अडून बसली: वर येण्याआधी पाण्यावर सोडायचा नारिंगी फुगा, दोरीच्या फिरकीसकट अर्धा किलो. मी भाड्याने बघू म्हणत होतो. तिचं म्हणणं, मालवणला वर पॅरासेलिंगच्या बोटी फिरत असतात, आपण कुठे वर येतोय हे त्यांना कसं कळणार? आईच्या अटीत हे बसतच होतं. दोघांच्या पिशवीत एकेक गेला. एकेक पिशवी दहा किलोंच्या आसपास भरली.

नोव्हेंबरात निघायचं ठरलंय. पावसाळ्यात मालवणकडचं डायव्हिंग बंद असतं. आधी कुडाळला उतरून मालवण आणि तारकर्ली, तिथे 1664 साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी. मग मुरुडेश्वरहून नेत्राणी, आणि शेवटी अंदमानात स्वराज द्वीप. तिथल्या शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान 18 तास कोरडे, हे तिकीट काढतानाच धरलंय. कुंटाळ्यावरून पडणारी कडेम नदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्याकडचं पाणी तिकडच्या समुद्रात आधीच पोचलेलं आहे, असं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी जातं. ते वापस येतं का?" मग तिने स्वतः उठून पिशवीचा पट्टा ओढून बघितला आणि शिलाई दोन ठिकाणी परत मारायला लावली.