चाळीस हिस्से

मस्कतहून मुंबईला यायला विमानाने अडीच-तीन तास लागतात. मुंबईहून सोलापूरला वंदे भारतनेसुद्धा साडेसहा. त्यामुळे गावी येताना खरा प्रवास मुंबईत उतरल्यावरच सुरू होतो. यंदा जानेवारीत आलो. कुर्डुवाडी गेल्यावर डब्यातल्या बोलण्यात "की" आणि "बी" ऐकू यायला लागले आणि मी बूट घालून तासभर आधीच तयार होऊन बसलो.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने माझी दाढी पाहून विचारलं, "कहाँ जाना है चाचा?" मी म्हणालो, "विजापूर वेशीकडं सोडा." वाटेत तो हिंदीत बोलत होता आणि मी मराठीत. मस्कतमध्ये लोक मला नावावरून कराचीचा नाहीतर हैदराबादचा समजतात. तिथे मला त्याचं काही वाटत नाही. इथे वाटलं. रिक्षा चार पुतळ्यांवरून गेली. लहानपणी अब्बा मला तिथे उभं करून नावं म्हणून घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. एखादं नाव विसरलं की पुन्हा पहिल्यापासून. उतरताना रिक्षावाला म्हणाला, "मराठी भारी बोलता की तुम्ही." त्याला चांगलंच म्हणायचं होतं. मी पैसे दिले आणि गप्प बसलो.

मी 2002 साली गेलो. अब्बा 2020 च्या जूनमध्ये वारले तेव्हा विमानं बंद होती. जनाजा मी मोबाईलवर पाहिला, तोही अर्धा, नेट गेलं. त्यानंतर दोनदा आलो, पण चार-पाच दिवसांसाठी. या वेळी तीन आठवडे काढून आलो होतो, कारण धाकट्या भावाने फोनवर सांगितलं होतं की घर विकायचं ठरवलंय, सह्या लागतील.

आमचं घर म्हणजे पेठेतल्या बोळातल्या दोन खोल्या, माळा आणि मागे न्हाणी. अब्बा गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद झाली तेव्हा दुसऱ्याच्या यंत्रमागावर टॉवेल विणायला जाऊ लागले, पण घर राखलं. विकायचं का, तर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि तेही कधी रात्री दोनला. अम्मीचे गुडघे गेलेत, न्हाणीच्या दोन पायऱ्यासुद्धा तिला धरून उतरवाव्या लागतात. बोळात रिक्षा येत नाही. अब्बांना शेवटी खुर्चीवर बसवून चौघांनी बाहेर नेलं होतं. भावाने 'नई जिंदगी'त एक तळमजला बघून ठेवला होता. तो म्हणाला, "वहाँ अपने लोगाँ भी है."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. मी बोलायला लागलो. म्हणालो, आपण या बोळात सगळ्यांमध्ये वाढलो. समोरच्या पद्मशाली अक्काच्या घरात मी तेलुगू शिकलो, गड्ड्याच्या जत्रेत अब्बा मला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवायचे, ईदचा शीरखुर्मा पहिला समोर जायचा. आणि आता आपणच उठून "आपल्या लोकां"त जायचं? असं सगळेच करायला लागले तर शहरात राहणार काय? मला वाटतं मी चांगलं बोललो. मस्कतमध्ये मित्रांच्या बैठकीत हेच बोलल्यावर लोक माना डोलावतात.

भाऊ काही बोलला नाही. त्याची बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाईजान, तुमना ये घर देखने कू अच्छा लगता. हमना इसमें रैना पडता." मग भाऊ हळूच म्हणाला, "अक्का जाके अठरा साल हो गये, भाई."

खरंच होतं. समोरचं घर आता टॉवेलचं गोदाम आहे. मला ते माहीत होतं, दर खेपेला दिसत होतं, तरी माझ्या डोक्यात अक्का उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतच होती.

दुसऱ्या दिवशी मी कुंभारीला गेलो. तिथे 2006 साली विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. अक्काला त्यातलंच एक मिळालं होतं. मी विचारत विचारत गेलो. तिने आधी ओळखलं नाही. मग अम्मीचं नाव सांगितल्यावर माझा दंड धरून आत नेलं. उमेदीत दिवसाला हजार विड्या वळणारी बाई. आता बोटं वाकडी झालीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. मी मूर्खासारखं विचारलं, "अक्का, पेठेची आठवण येत नाही का?"

"कशाची आठवण? तिथं भाडं होतं. मालक रोज दारात. हितं घर माझ्या नावावर हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् तू तर माझ्या आधी गेलास की रे."

ती चेष्टेत बोलली. येताना बसमध्ये मी तेच घोळवत होतो. मी गेलो तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा गेला तर बोळाचं काय होईल. चार पैसे येतील म्हणून सगळ्यांनी स्टेशनवर हार घातले. आता तेच पैसे मिळवून मी परत येतो आणि जे मागे राहिले त्यांना सांगतो की तुम्ही हलू नका, म्हणजे मला आठ दिवस येऊन बघायला सगळं जागेवर सापडेल. "आपल्या लोकां"बद्दलची माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. ती मला अजून खरी वाटते. पण ज्याची मुलं रात्री उशिरा शिकवणीवरून घरी येतात, त्याला भीती वाटते की नाही हे मस्कतहून ठरवता येत नाही.

रात्री मी भावाला सांगितलं, सही करतो. एकच विचारतो, आपाचं काय?

आपा याच शहरात असते. अब्बा अंथरुणावर होते त्या आठ महिन्यांत रोज दुपारी यायची, त्यांना पुसून, खाऊ घालून परत जायची. वकिलाने कागद तयार ठेवले होते, त्यात तिचं हक्कसोडपत्र होतं. भावाच्या मनात कपट नव्हतं. आपल्याकडे असंच करतात, एवढंच. आपासुद्धा म्हणाली, "मेरेकू नक्को हिस्सा. आने-जाने का घर रहे, बस." म्हणजे हिस्सा घेतला तर माहेर तुटेल, ही तिची भीती.

मी वही घेतली. ना कर्ज होतं, ना वसीयत. सूरह निसाप्रमाणे घराचे चाळीस हिस्से केले: अम्मीचे पाच, आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा, आपाचे सात. नमाज, रोजा, हलाल-हराम याबद्दल काटेकोर असलेले आमच्यातले किती लोक हे सात हिस्से गिळून बसलेत, याची मोजदाद केली तर लाज वाटेल. मी भावाला म्हणालो, "मी तेवीस वर्षं बाहेर आहे. माझे चौदा सोड म्हणून कुणी म्हटलं नाही. माझं येणं-जाणंही बंद झालं नाही. तिनंच का सोडायचं?"

तो बराच वेळ वहीकडे बघत होता. सातची रक्कम काढली तर तळमजल्याला पैसे कमी पडत होते. ती कमी माझ्या चौदातून भरायची ठरली. यात मोठेपणा काही नाही. त्या तळमजल्याचं भाडं न देता मीही तिथे येऊन राहणारच आहे. आपाने तिचे पैसे घ्यायला दोन दिवस लावले. घेतले.

अम्मी या सगळ्यात बोलली नव्हती. सह्या झाल्या त्या संध्याकाळी तिने भावाला जवळ बोलावून विचारलं, स्वयंपाकघरातलं उखळ निघेल का? ते फरशीत बसवलेलं आहे. तिची शेंगदाण्याची चटणी त्यातच होते, मिक्सरची तिला चालत नाही.

सकाळी गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, "निघंल की. फरशी फुटंल तेवढी."